आंब्याच्या प्रतवारी पट्ट्यावर ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमच्या वेळेचा मेळ : लिनक्स रिअल-टाइमचं सविस्तर मार्गदर्शन

देवगड-रत्नागिरीकडच्या पॅकिंग शेडमध्ये वजनावर हापूस निवडणारा छोटा पट्टा बसवायचा, तर सामान फारसं लागत नाही. लिनक्सवर चालणारा बोर्ड, दोन फोटो-सेन्सर, पट्टा किती सरकला ते पल्समध्ये सांगणारा एक एन्कोडर, वजन मोजणारा एक लोड सेल आणि फळ बाजूला ढकलणाऱ्या चार-पाच हवेच्या झडपा एवढं पुरतं. गाडी अडते ती सॉफ्टवेअरमध्ये. सेन्सरचा इंटरप्ट (‘इकडे लक्ष द्या’ हा हार्डवेअरचा इशारा) कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर पकडतो आणि निर्णय घेतो युजर-स्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा प्रोग्रॅम. या दोघांचा मेळ चुकला की पाच डझनच्या पेटीचं फळ सहा डझनच्या खणात पडतं. तेही रोज नाही, दिवसातून दोन-चारदाच, त्यामुळे कारण सापडता सापडत नाही.

या लेखातलं मुख्य सूत्र आधीच सांगतो. प्रोग्रॅमला किती लवकर जाग येते यावर भिस्त ठेवू नका. घटना कधी घडली ती वेळ ड्रायव्हरने घटनेसोबत द्यावी आणि पुढची कृती प्रोग्रॅमने त्या वेळेपासून मोजून ठरावीक क्षणी करावी. मग जाग यायला पाच मिलिसेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती अंडरस्कोअरने जोडलेली असतात.

आधी हिशेब, मग कोड

पट्ट्याचा वेग सेकंदाला ४०० मिलिमीटर धरू. म्हणजे १ मिलिसेकंदात फळ ०.४ मिलिमीटर सरकतं. फळाची लांबी साधारण ९० मिलिमीटर आणि दोन फळांत १५० मिलिमीटर अंतर ठेवलं, तर दर ०.६ सेकंदाला एक, मिनिटाला १०० फळं होतात. पाच डझनच्या पेटीची ६० फळं ३६ सेकंदांत निघतात.

झडपेचा धक्का फळाच्या मध्यापासून ८ मिलिमीटर इकडेतिकडे बसला तरी चालतं असं धरलं, तर वेळेची मुभा २० मिलिसेकंद मागे-पुढे अशी येते. ही मुभा बरीच ऐसपैस आहे. साधं लिनक्सही बहुतेक वेळा ती पाळतं. अडचण त्या ‘बहुतेक’मध्ये आहे. मेमरीचं पान डिस्कवरून आणावं लागलं, मेमरी कार्डावरचं लेखन तुंबलं, नेटवर्क ड्रायव्हरने सीपीयू धरून ठेवला, की शंभरातलं नव्हे पण हजारातलं एखादं फळ चुकतं.

प्रत्येक टप्प्याला किती वेळ द्यायचा ते कागदावर लिहून ठेवा: इंटरप्ट ते टाइमस्टॅम्प, टाइमस्टॅम्प ते प्रोग्रॅमची जाग, निर्णय, झडपेला हुकूम, झडप प्रत्यक्ष हलणं. शेवटचा आकडा सगळ्यात मोठा निघतो. सोलेनॉइड झडप आणि सिलिंडर मिळून कित्येक मिलिसेकंद खातात. कॅटलॉगवर विसंबू नका, हवेचा नेहमीचा दाब ठेवून स्वतः मोजा. समजा तो २५ मिलिसेकंद आला, तर हुकूम १० मिलिमीटर आधी द्यायचा.

कर्नल

प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे तातडीच्या कामासाठी चालू काम मध्येच थांबवू देणारी लिनक्सची रिअल-टाइम सोय, २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आली. एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही यांच्यासाठी वेगळा पॅच आता लागत नाही. पण ती आपोआप चालू नसते. कर्नल बांधताना पूर्ण प्रीएम्प्शनचा पर्याय निवडावा लागतो, आणि तो दिसत नसेल तर आधी एक्स्पर्ट पर्याय चालू करावा लागतो. डेबियनमध्ये आरटी कर्नलचं तयार पॅकेज मिळतं. चालू कर्नल खरंच आरटी आहे का, ते ‘युनेम’ या आज्ञेच्या आवृत्ती-ओळीत ‘प्रीएम्प्ट आरटी’ हे शब्द आहेत की नाहीत यावरून कळतं.

विकासाच्या मशीनवर लॉक तपासणारे पर्याय चालू ठेवा: प्रूव्ह लॉकिंग, डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप आणि प्रूव्ह रॉ लॉक नेस्टिंग. तिसरा विशेष कामाचा, कारण आरटीवर फसणारं लॉकिंग तो साध्या कर्नलवरही पकडतो. शेडमधल्या मशीनवर मात्र हे सगळे बंद. त्यांच्यामुळे वेळा कितीतरी पटींनी वाढतात आणि मोजमापाला अर्थ राहत नाही.

स्वतःचा ड्रायव्हर लागतो का?

फोटो-सेन्सरसाठी बहुधा नाही. कर्नल ५.१० पासून असलेला जीपीआयओ (बोर्डाच्या साध्या पिना) कॅरेक्टर डिव्हाइसचा दुसरा इंटरफेस प्रत्येक एजसोबत (सिग्नलच्या प्रत्येक चढ-उतारासोबत) नॅनोसेकंदातली वेळ आणि अनुक्रमांक देतो. बफर मूळचा एका लाइनला १६ घटनांचा असतो. तो भरला तर सगळ्यात जुनी घटना टाकली जाते आणि अनुक्रमांकात खंड पडतो. म्हणून प्रत्येक घटनेचा अनुक्रमांक तपासा. खंड दिसला की पट्ट्यावरच्या फळांची यादी रद्द करून नव्याने सुरुवात करा. गप्प राहून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम सगळ्यात घातक.

लोड सेलसाठी एचएक्स७११ चिप स्वस्त आणि सगळीकडे मिळते. पण ती युजर-स्पेसमधून पिन हलवून वाचायची नाही. घड्याळाची पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिली की चिप झोपी जाते आणि वाचन बाद होतं. युजर थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) नेमका तिथे थांबवला गेला तर तेच होणार. कर्नलच्या आयआयओ या सेन्सर-विभागातला तयार ड्रायव्हर पल्स वर असताना त्या सीपीयूचे इंटरप्ट रोखून धरतो, तो वापरा. सेकंदाला ८० वाचनांच्या मोडमध्ये चिपला स्थिरावायला ५० मिलिसेकंद लागतात, १० वाचनांच्या मोडमध्ये ४००. पट्ट्याचा वजन करणारा तुकडा २०० मिलिमीटर लांब असेल, तर ९० मिलिमीटरचं फळ त्यावर पूर्णपणे ११० मिलिमीटर, म्हणजे २७५ मिलिसेकंद असतं. ८० च्या मोडमध्ये साधारण २२ वाचनं येतात; स्थिरावण्याची पहिली चार सोडली की १८ उरतात. त्यांचा मध्यक घ्या, सरासरी नको. पट्ट्याच्या एका झटक्याने सरासरी बिघडते.

एन्कोडरसाठी मात्र छोटा ड्रायव्हर लिहिण्यात फायदा आहे. मिलिमीटरला एक पल्स धरला तर सेकंदाला ४०० इंटरप्ट होतात, आणि प्रत्येकासाठी प्रोग्रॅमला उठवण्याची गरज नसते. एन्कोडर वगळून फक्त वेळेवर चालवू, हा मोह टाळा. गावातल्या सिंगल फेजवर व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते आणि वेळेवर बेतलेला सगळा हिशेब कोलमडतो.

इंटरप्टच्या दोन पायऱ्या

एन्कोडरसोबत फोटो-सेन्सरचाही ड्रायव्हर स्वतः लिहायचा झाला, तर पुढचं लक्षात ठेवा. आरटी कर्नलवर जवळपास प्रत्येक इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) थ्रेड होतो. त्याची मूळ प्रायॉरिटी ‘फिफो’ या रिअल-टाइम शेड्युलिंग वर्गात ५०. इथे पहिला खड्डा आहे. ‘रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यू’ला पहिला हँडलर आणि थ्रेड हँडलर असे दोन्ही दिले, पण ‘वनशॉट’ हा फ्लॅग दिला नाही, तर आरटी कर्नल पहिल्या हँडलरलाही थ्रेडमध्ये ढकलतो. मग वेळ नोंदवली जाते ती थ्रेडला सीपीयू मिळाल्यावर. फ्लॅग दिला की पहिला हँडलर खऱ्या इंटरप्ट संदर्भात चालतो.

पहिल्या हँडलरमध्ये तीनच कामं करा: ‘केटाइम गेट’ने वेळ घेणं, ती के-फिफोत (कर्नलच्या तयार रांगेत) टाकणं आणि थ्रेडला उठवायला सांगणं. वेळ एका साध्या चलात ठेवू नका, कारण थ्रेड चालण्याआधी दुसरी एज आली तर पहिली पुसली जाईल. एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा असेल तर के-फिफोला लॉक लागत नाही. ६४ घटनांची जागा पुरे: मिनिटाला १०० फळं, प्रत्येकी जास्तीत जास्त चार एज, म्हणजे साडेनऊ सेकंदांचा साठा.

चार एज का? हापूस देठासकट उतरवतात. देठ आधी किरण अडवतो, मग फळ, आणि एक फळ दोन म्हणून मोजलं जातं. ३० मिलिमीटरचा देठ या वेगाला ७५ मिलिसेकंद घेतो. हे गाळण्याचं काम ड्रायव्हरमध्ये करू नका. ड्रायव्हरने सगळ्या एज जशाच्या तशा द्याव्यात. कोणती खरी ते प्रोग्रॅमने अंतर पाहून ठरवावं. रायवळ आंबे किंवा काजूसाठी तोच पट्टा वापरायचा झाला तर ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

एन्कोडरच्या हँडलरमध्ये फक्त एक आकडा वाढवायचा आणि वेळ लिहायची असते, म्हणून त्याला ‘नो थ्रेड’ फ्लॅग द्या. पण त्या संदर्भात साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारं कुलूप) चालत नाही. आरटीवर तो झोपणारा लॉक बनतो. तिथे रॉ स्पिनलॉकच हवा. ‘वेक अप’सुद्धा तिथून बोलवायचं नाही, कारण नेहमीच्या वेटक्यूच्या (झोपलेल्या थ्रेडच्या यादीच्या) आत साधा स्पिनलॉक असतो. प्रोग्रॅमला इशारा देणाऱ्या इव्हेंटएफडीचीही तीच गत. थेट इंटरप्टमधून उठवायचंच असेल तर ‘कम्प्लिशन’ वापरा, ५.७ पासून ती रॉ स्पिनलॉकवाल्या ‘सिंपल वेटक्यू’वर चालते.

आणि सेन्सर आयटूसी एक्स्पांडरवर (बसवरून जादा पिना देणाऱ्या चिपवर) जोडू नका. त्याचा इंटरप्ट कळायला बसवरून रजिस्टर वाचावं लागतं, म्हणजे वेळ थ्रेडमध्येच नोंदली जाते. सेन्सर थेट प्रोसेसरच्या पिनांवर, ऑप्टोकप्लरमार्फत. २४ व्होल्टचं आउटपुट ३.३ व्होल्टच्या पिनवर कधीच थेट नाही. झडपा एक्स्पांडरवर गेल्या तर चालेल, तिथे मुभा मिलिसेकंदांची आहे.

प्रोग्रॅमपर्यंत माहिती पोचवणं

दोन प्रकारची माहिती आहे आणि दोन्हींना एकच मार्ग लावू नये. ‘फळ आलं’ ही घटना आहे. ती एकही हरवता कामा नये. तिच्यासाठी रांग आणि रीड. ‘पट्टा आत्ता कुठे आहे’ ही स्थिती आहे. ताजी किंमत मिळाली की जुन्या किमतींशी देणंघेणं नाही. तिच्यासाठी एमॅपने ड्रायव्हर आणि प्रोग्रॅममध्ये वाटून घेतलेलं मेमरीचं एक पान.

रीडमध्ये झोपताना ‘वेट इव्हेंट इंटरप्टिबल’ हा मॅक्रोच वापरा. अट तपासून मग स्वतः झोपण्याचा कोड लिहिला, तर तपासणी आणि झोप यांच्या फटीत आलेला इंटरप्ट हरवतो आणि प्रोग्रॅम पुढच्या फळापर्यंत झोपून राहतो. पोलच्या फंक्शनमध्येही क्रम तोच: आधी ‘पोल वेट’ने नाव नोंदवायचं, नंतर रांग रिकामी आहे का ते पाहायचं. एका रीडमध्ये एकच घटना न देता असतील तेवढ्या द्या.

वाटून घेतलेल्या पानावर पल्सची संख्या आणि शेवटच्या पल्सची वेळ अशी जोडी असते. जोडी अर्धी जुनी, अर्धी नवी वाचली गेली तर वेग भलताच निघतो. त्यासाठी क्रमांक-लॉक: ड्रायव्हर आधी क्रमांक विषम करतो, राइट बॅरियर (लेखनाचा क्रम राखणारी आज्ञा) टाकतो, दोन्ही किमती लिहितो, पुन्हा बॅरियर, मग क्रमांक सम करतो. प्रोग्रॅम क्रमांक ‘अ‍ॅक्वायर’ने वाचतो, किमती उचलतो, अ‍ॅक्वायर फेन्स टाकतो आणि क्रमांक पुन्हा पाहतो. विषम असेल किंवा बदलला असेल तर फेरवाचन. सी-११ चे अ‍ॅटॉमिक प्रकार वापरा. ‘व्होलाटाइल’ने आर्मवर क्रमाची हमी मिळत नाही. एक्स८६ लॅपटॉपवर चाललेला कोड आर्म बोर्डावर अधूनमधून चुकतो, त्याचं कारण बहुतेकदा इथेच असतं.

या पद्धतीची एक अट आहे. लिहिणारा वाचणाऱ्याकडून मध्येच थांबवला जाता कामा नये. लिहिणं खऱ्या इंटरप्टमध्ये असेल तर प्रश्नच नाही. पण ते प्रायॉरिटी ५० च्या थ्रेडमध्ये असेल आणि वाचणारा ८० चा त्याच सीपीयूवर असेल, तर क्रमांक विषम असतानाच लिहिणारा थांबतो आणि वाचणारा फेरवाचनाच्या लूपमध्ये कायमचा फिरतो. म्हणून लूपला मर्यादा घाला, समजा तीन वेळा. तेवढ्यात जमलं नाही तर मागची किंमत वापरा आणि चुकांचा काउंटर वाढवा. उलट दिशेने तर नियम अधिक कडक: युजर प्रोग्रॅम लिहीत असलेल्या पानासाठी कर्नलने कधीही वाट पाहत फिरायचं नाही.

स्ट्रक्चरमध्ये ठरावीक लांबीचेच प्रकार घ्या, ३२ किंवा ६४ बिट. ६४ बिटांचा कर्नल आणि ३२ बिटांचे प्रोग्रॅम ही जोडी छोट्या बोर्डांवर सर्रास दिसते. ‘लाँग’ आणि पॉइंटर तिथे दगा देतात.

प्रोग्रॅमची तयारी

सुरुवातीलाच मेमरी रॅममध्ये खिळवणारं ‘एमलॉकऑल’, चालू आणि पुढची अशा दोन्ही मेमरीसाठी. मग स्टॅकच्या काही किलोबाइटना एकदा हात लावून घ्या, म्हणजे पान-चूक (हवं ते पान मेमरीत नसणं) पट्टा चालू असताना होणार नाही. मुख्य लूपमध्ये मॅलॉक नाही, प्रिंट नाही, फाइल नाही. नोंदी एका रिंग बफरमध्ये टाका आणि त्या कार्डावर लिहिण्याचं काम साध्या प्रायॉरिटीच्या वेगळ्या थ्रेडला द्या.

प्रायॉरिटी अशा लावा: फोटो-सेन्सरचा इंटरप्ट थ्रेड ८५, निर्णय आणि झडपांचा थ्रेड ८०, वजनाचा ७५, बाकी सगळं साधं. इंटरप्ट थ्रेडची प्रायॉरिटी सीएचआरटी या आज्ञेने बदलता येते, पण बोर्ड पुन्हा सुरू झाला की ती ५० वर येते. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घाला. ९९ कोणालाच देऊ नका, तिथे कर्नलची स्वतःची कामं असतात.

इंटरप्ट थ्रेड ५० वरच राहिला आणि ८० चा प्रोग्रॅम एखाद्या फ्लॅगची वाट पाहत फिरत बसला, तर फ्लॅग लावणाऱ्याला सीपीयूच मिळत नाही. मशीन मेल्यासारखं वाटत नाही, कारण सेकंदातले ५० मिलिसेकंद साध्या कामांसाठी राखलेले असतात आणि लॉगिन चालू राहतं. फक्त पट्टा अडतो. ही राखण काढून टाकण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. माझं मत उलट आहे: ती राहू द्या, फिरत बसणारा लूप काढा.

थ्रेडमधल्या म्युटेक्सना (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपांना) प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देण्याचा गुणधर्म हाताने द्यावा लागतो. मूळचा तो नसतो. कंडिशन व्हेरिएबलला ग्लिबसी या सी लायब्ररीत ही सोय नाही, तेव्हा निर्णयाच्या मार्गात ती ठेवू नका. ड्रायव्हरच्या आत म्युटेक्स चालेल, आरटीवर त्याला इनहेरिटन्स असतो. सेमाफोरला मालकच नसतो, त्यामुळे तो नको.

घड्याळ दोन्हीकडे मोनोटॉनिकच (सतत पुढेच जाणारं). रिअलटाइम घड्याळ वापरलं आणि बोर्डावर बॅटरीचं घड्याळ नसलं, तर शेडमध्ये इंटरनेट अर्ध्या तासाने आल्यावर वेळ एकदम उडी मारते, आणि त्या क्षणी पट्ट्यावर असलेली सगळी फळं सरळ शेवटच्या खणात जातात. मोनोटॉनिकचा वेग थोडा सुधारला जातो, पण उडी नसते.

झडपेसाठी झोप ‘क्लॉक नॅनोस्लीप’ने, ठरावीक वेळेपर्यंत, ‘इतका वेळ’ नव्हे. फळ झडपेपासून अजून ३० मिलिसेकंदांवर असेल तेव्हा उठा, पानावरून ताजी स्थिती वाचा, उरलेल्या मिलिमीटरची वेळ नव्याने काढा आणि पुन्हा झोपा. मध्ये पट्टा मंदावला तरी धक्का जागच्या जागी बसतो. टाइमरएफडी (फाइलसारखा वाचायचा टाइमर) टाळा, आरटीवर तो सॉफ्ट-इंटरप्टच्या मार्गाने येतो आणि तिथे रांगेत अडकतो. झडपेची मुभा एक मिलिसेकंदाच्या खाली असती तर ड्रायव्हरमध्ये एचआरटाइमर लावला असता, तोही ‘हार्ड’ मोडमध्ये. इथे त्याची गरज नाही.

मोजमाप, भर दुपारी

जाग यायला किती उशीर होतो ते मोजणारी सायक्लिकटेस्ट चालवा, मेमरी लॉक करून, प्रायॉरिटी ८० ने, प्रत्येक सीपीयूवर, आणि सोबत स्ट्रेस-एनजीने मेमरी, डिस्क, नेटवर्क यांवर भार टाका. बघायचा तो सर्वाधिक आकडा. सरासरीकडे ढुंकूनही पाहू नका. दहा मिनिटांची चाचणी काहीच सांगत नाही, पॅकिंगचा पूर्ण दिवस चालवा.

तीही एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याखाली, बोर्डाची पेटी बंद ठेवून. रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांपासून वेग कमी करू लागतो आणि ८५ ला जोरात आवळतो. सकाळी सातला उत्तम आलेले आकडे दुपारी दोनला राहत नाहीत. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला तरी इशारा लागतो. दोन्ही ‘गेट थ्रॉटल्ड’ या आज्ञेने कळतात. उत्तर शून्य नसेल तर लेटन्सी (उशीर) शोधण्याआधी पंखा आणि पॉवर सप्लाय बघा. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. सीपीयूची गाढ झोप रोखायला ‘सीपीयू डीएमए लेटन्सी’ या डिव्हाइसमध्ये शून्य लिहा आणि फाइल उघडीच ठेवा. बंद केली की विनंती संपते.

आकडा मोठा आला तर टाइमरलॅट ट्रेसर लावा. उशीर इंटरप्टमध्ये झाला की थ्रेडमध्ये ते तो वेगवेगळं दाखवतो. इंटरप्टची अ‍ॅफिनिटी (तो कोणत्या सीपीयूवर चालेल ती नेमणूक) बदलताना एरर आला तर घाबरू नका: जीपीआयओच्या लाइनी एका मूळ इंटरप्टवर बसलेल्या असतात, तो हलवावा लागतो.

सायक्लिकटेस्ट चांगला आणि फळं तरी चुकतात, असं झालं तर प्रोग्रॅममध्येच दोन फरकांचा हिस्टोग्राम ठेवा: ड्रायव्हरची वेळ ते रीडमधून परत येण्याची वेळ, आणि ठरवलेली वेळ ते झडपेचा हुकूम गेल्याची वेळ. दोन्ही स्वच्छ असतील तर दोष सॉफ्टवेअरबाहेर आहे. सेन्सरच्या काचेवर जांभ्याची लाल धूळ, खाऱ्या हवेने गंजलेला कनेक्टर, कॉम्प्रेसरचा उतरलेला दाब, या क्रमाने बघा.

बंद होताना

प्रोग्रॅम कोसळला तर उघडी झडप उघडीच राहते. ड्रायव्हरच्या ‘रिलीज’ फंक्शनमध्ये सगळ्या झडपा बंद करा. प्रोग्रॅम कसाही मेला तरी कर्नल ते बोलावतोच. झडपा स्वतःच्या ड्रायव्हरऐवजी जीपीआयओ कॅरेक्टर डिव्हाइसवर असतील तर ही हमी नाही, तिथे वॉचडॉग रिले (प्रोग्रॅम थांबला की झडपांचा पुरवठा तोडणारा) लावा. ड्रायव्हर काढताना क्रम असा: आधी ‘फ्री आयआरक्यू’, मग टाइमर रद्द, मग झोपलेल्या वाचकांना ‘डिव्हाइस नाही’ हा एरर देऊन उठवणं, आणि मेमरी सगळ्यात शेवटी. मेमरी आधी सोडली आणि त्याच वेळी एखादं फळ किरणासमोरून गेलं, तर हँडलर सोडलेल्या मेमरीत लिहितो आणि कर्नल तिथेच बसतो.